मे महिन्याचं घर

एप्रिलच्या सात तारखेला सकाळी सव्वाआठ वाजता फ्लाव्हियाच्या ओट्यावर ऊन आलं नाही. बोरिवलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, पावसाळा सोडला तर रोज, शेगडीच्या डाव्या अंगाला मिठाच्या बरणीपाशी वीतभर ऊन उतरायचं, बावीस मिनिटं बसायचं आणि कुणाला काही न सांगता उठून जायचं. त्या बावीस मिनिटांत ती आपला चहा तिथे ठेवी. त्या दिवशी तिने सवयीने कप ठेवला आणि बोटांना दगड गार लागला. खिडकीतून वाकून पाहिलं तर समोरच्या नव्या इमारतीचा आणखी एक मजला चढला होता आणि हिरव्या जाळीआड दोन कामगार वडापाव खात बसले होते. त्यांचा काही दोष नव्हता. पण चोपन्न वर्षांची, जहाज कंपनीच्या कागदपत्रांच्या खात्यात एकतीस वर्षं कुणाचं ऐकून न घेतलेली फ्लाव्हिया लोबो हातात कप घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. आता हा ठेवायचा कुठे, एवढाच प्रश्न होता. पण तो तिला इतका मोठा वाटला की चहा निवून साय धरली तरी ती जागची हलली नाही.

संध्याकाळपर्यंत उत्तर तयार होतं. फ्लाव्हियाचं असंच असायचं. प्रश्न पडायला तिला वेळ लागे, उत्तराला लागत नसे. मालवणहून तारकर्लीला जाताना, समुद्रापासून दोन शेतं अलीकडे, तिच्या पप्पांनी बांधलेलं चिऱ्याचं घर होतं. पप्पा म्हणजे कुस्तोदियो लोबो, बोटीवरचे कुक. वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्यांना सुट्टी मिळे. मग ते बोरिवलीला उतरत, आई मार्गारेट, फ्लाव्हिया आणि धाकटा लिओन यांना उचलत आणि थेट गावी नेत. पाच मे ते चार जून. सदतीस वर्षं हा नेम चुकला नाही. पप्पा गेले, आई गेली, लिओन कॅनडात गेला, तरी फ्लाव्हिया पाच मेच्या गाडीला असायचीच. उन्हाचं नाव काढलं की तिच्या डोळ्यांसमोर तेच घर येई: खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, वाळत घातलेली कोकमं, पायाला चटका देणारी चिऱ्याची पायरी, आणि पडवीवर पप्पांनी घातलेला स्लॅब, ज्यावर दुपारी चप्पल विसरली तर उचलायला काठी लागे. ऊन! तिथे तर ते फुकट सांडत होतं. ते धरायला कुणी नव्हतं, इतकंच. सोलरची पॅनेलं, बॅटरी, आणि रस्त्यापर्यंत आलेलं फायबर घरात ओढून घेतलं की तिचं खातं, तिची जहाजं, तिचे कंटेनर सगळे त्या पडवीत येऊन बसतील. गावात वीज पाहुण्यासारखी येते-जाते हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर सोलर.

तिची वरिष्ठ अनुजा तिच्याहून तेरा वर्षांनी लहान होती आणि त्यामुळे फार अदबीने बोलायची. 'तीन महिने बघू, मॅम. ऑक्टोबर ते डिसेंबर. पण कामाच्या वेळेत लाइन तीनदा गेली तर परत यावं लागेल. जहाज आपल्यासाठी थांबत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय.' ते खरं होतं. ठरलेल्या मिनिटाला कागद गेले नाहीत तर माल धक्क्यावरच राहतो, मग कुणाचं काही चालत नाही. लिओनचं बोलणं याहून थोडक्यात होतं. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, पर्यटकांच्या खोल्या बांधणारं. 'तू राहणार असलीस तर ठेवू. बंद घराला कुलूप म्हणून मी आणखी किती वर्षं जागायचं? नाताळपर्यंत सांग, नाहीतर मी सही करतो.' म्हणजे तीन वेळा लाइन जाण्याचा अवकाश, की फ्लाव्हिया बोरिवलीला आणि घर परक्याच्या हातात. तिने दोघांनाही तोंड भरून हो म्हटलं. तिला भीती अशी वाटलीच नाही. ते घर तिला पाठ होतं.

पाठ म्हणजे किती, तर मे महिन्यात ती खडू घेऊन गेली. चार दिवस दर तासाला स्लॅबवर चढून तिने सावल्यांच्या रेघा मारल्या, वेळा लिहिल्या, कागदावर उतरवून घेतल्या. ऑफिसातला कागद ती जसा करायची तसाच हाही: खाडाखोड नाही, शंका नाही. पाचव्या दिवशी कणकवलीहून प्रीतम आला. चाळिशीचा, सावळा, कोपरात हेल्मेट अडकवून फिरणारा; अर्ध्या तालुक्यात पॅनेलं त्यानेच बसवली होती आणि केबलचं कामही तोच करायचा. तिने त्याच्या हातात कागद ठेवला. त्याने तो मान देऊन पाहिला, घडी करून परत दिला, आणि स्लॅबच्या दक्षिणेला गडग्याशी, दगडी कुंपणाशी, उभ्या असलेल्या फणसाकडे बघत ऑफिसातल्यासारख्या शुद्ध मराठीत विचारलं, 'मॅडम, दिवाळीनंतर इथे सावली कशी असते?'

'सावली?' फ्लाव्हिया हसली होती. ते हसणं तिला पुढे फार छळणार होतं. 'अरे, सदतीस वर्षं येतेय मी इथे. या स्लॅबवर आठ ते सहा पापड भाजून निघतील.'

'तो फणस?'

'फणसाची सावली फणसाखाली. बघ की.' दुपारचे साडेबारा झाले होते. सावली खरोखरच झाडाच्या बुंध्याशी गोळा होऊन बसली होती, हाकलली तरी उठणार नाही अशी. प्रीतमने एकदा मागे पाहिलं. मागे विमलाकाकी उभी होती, हातात कोकम सरबताचे पेले घेऊन. शेजारची विमलाकाकी, जिच्याकडे घराची किल्ली असायची. तिने पदर नीट केला आणि पेला पुढे केला. 'ठीक आहे,' प्रीतम म्हणाला. 'घर मालकाला माहीत.'

सप्टेंबरअखेर पॅनेलं चढली. फायबर रस्त्यावरून तीन माणसांच्या आवारांतून, माडावरून माडावर टेकत आलं. प्रत्येक आवारात एकेक चहा प्यावा लागला आणि आपण कोणाच्या कोण हे सांगावं लागलं, पण कुणी नाही म्हटलं नाही. राउटरचे हिरवे दिवे लुकलुकले तेव्हा फ्लाव्हियाने पडवीत टेबल लावलं, पप्पांची बोटीवरची फिरती खुर्ची काढून पुसली, आणि पहिल्या सोमवारी नऊच्या ठोक्याला मुंबईला 'गुड मॉर्निंग' केलं. ऑक्टोबर कसा गेला ते तिला कळलं नाही. फोनवर पॅनेलांचे आकडे दिसायचे, ते ती सकाळी नोव्हेनाच्या प्रार्थनेसारखे वाचायची. अकराला बॅटरी भरलेली असायची. गावातली वीज जायची, शेजारपाजारचे पंखे थांबायचे, कुणीतरी 'गेली रे!' म्हणून ओरडायचं, आणि फ्लाव्हिया इकडे सिंगापूरचा कंटेनर मार्गी लावायची. तिला त्याचा थोडा गर्वच झाला होता. थोडा कशाला, चांगला शेरभर झाला होता. विमलाकाकी दारावरून जाताना ती मुद्दाम पंखा वाढवी.

आणि नोव्हेंबर आला. फ्लाव्हियाला इथला नोव्हेंबर माहीत नव्हता. सकाळी लादी पायाला गार लागते, पायरीवर दव असतं, विहिरीतून वाफ निघते, हे ती पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बघत होती. हवेला भाजलेल्या गवताचा वास होता. घराला हा वास आहे हे तिला माहीतच नव्हतं. घराचा वास म्हणजे पिकलेला फणस, ओलं कोकम आणि घामोळ्यांची पावडर. तिला मजा वाटली. मग आकडे घसरायला लागले. बॅटरी अकराऐवजी एकला भरायला लागली, मग तीनला, मग भरेचना. तिने पॅनेलं पुसली. कावळ्यांना शिव्या घातल्या. प्रीतमला फोन करून, तू हलका माल लावलास, असं एकदा सरळ आणि दोनदा आडवळणाने सुनावलं. तो बिचारा वेंगुर्ल्याच्या पलीकडे, रेडीला कामावर होता. 'येतंय दोन दिवसांत, मॅडम,' एवढंच म्हणाला. रागात तो मालवणीत गेला होता हे तिच्या लक्षात आलं, पण कान देण्याची तिची तयारी नव्हती. सत्तावीस तारखेला वीज गेली, चाळीस मिनिटांत बॅटरी संपली, आणि कोलंबोच्या जहाजाच्या ऐन वेळेला पडदा काळा झाला. ती फोनवरून धडपडली, टाचा वर करून खळ्यात नेटवर्क शोधत फिरली. अनुजाने तिकडून कागद पाठवून वेळ मारून नेली आणि शांतपणे म्हणाली, 'एक, मॅम.' पाच डिसेंबरला दुसऱ्यांदा गेली. या वेळी अनुजा आकडा बोललीच नाही. ते जास्त लागलं.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता ती शिडी लावून स्लॅबवर चढली, आणि तिला दिसलं. तिथे फणस होता. म्हणजे फणस खाली गडग्याशीच होता, पण त्याची सावली आठही पॅनेलांवर आडवी पसरून, पाय ताणून झोपली होती. पानापानांची, गार, दाट. तिच्या खडूच्या रेघा पावसाने कधीच धुतल्या होत्या. तिने वर पाहिलं. सूर्य डोक्यावर नव्हताच. तो दक्षिणेला कलून, फणसाच्या शेंड्यामागून, कुठल्यातरी दुसऱ्याच गावाचा असावा तसा तिच्याकडे बघत होता. फ्लाव्हिया शिडीच्या वरच्या पायरीवर बसली. शाळेत शिकलो होतो आपण हे, भूगोलात, पैकीच्या पैकी मार्क होते. बोरिवलीच्या ओट्यावरचं ऊनसुद्धा डिसेंबरात बरणीच्या पलीकडे सरायचं, आपण कप सरकवायचो. सरकवायचो आणि तरी आपल्या कधी मनात आलं नाही. प्रीतमने विचारलं होतं, दिवाळीनंतर. आणि आपण, जिने या घराची एकही दिवाळी, एकही नाताळ, एकही थंडीची सकाळ पाहिलेली नाही, ती छातीवर हात मारून म्हणाली की सावली नसते. खोटं बोललो का? नाही. खोटं बोललो असतो तर बरं होतं. आपल्याला खरोखरच वाटत होतं की आपण नसतो तेव्हा इथे काही नसतं. पाच मेला कुलूप निघालं की ऊन लागतं आणि चार जूनला कुलूप लागलं की ते विझतं, घर तसंच थांबून राहतं, आपली वाट बघत. पप्पांनाही तसंच वाटत असणार. त्यांनी हे घर बांधलं ते मे महिन्यातच. वाऱ्यासाठी खिडक्या पश्चिमेला ठेवल्या, दक्षिणेला फणस राखला, कारण त्यांना थंडी माहीत नव्हती. त्यांना हिवाळे माहीत होते ते बोटीवरचे. सदतीस वर्षं म्हणजे किती? सदतीस महिने. जेमतेम तीन वर्षं आणि वर एक महिना. तीन वर्षांची ओळख आणि टेंभा केवढा, या विचाराने तिचे कान गरम झाले. चुलीजवळ बसल्यासारखे गरम झाले आणि कितीतरी वेळ निवले नाहीत.

पण लाज घेऊन बसणं तिच्या रक्तात नव्हतं. खाली उतरेपर्यंत तिने निकाल लावला: फणस पाडायचा. प्रीतम दुसऱ्या दिवशी उजाडताच आला. त्याने एकदा वर पाहिलं, एकदा तिच्याकडे. 'मी इचारलेलंय' असं तो म्हणाला असता तर तिला चाललं असतं, पण तो शहाणा माणूस होता. झाडं पाडणारी माणसं सोमवारी मिळतील म्हणाला. आवाज ऐकून विमलाकाकी गडग्याशी आली. अडुसष्ट वर्षांची, काटक, कमरेला विळा लटकवलेली.

'फणस पाडतंस?'

'पाडते. दुसरा इलाज नाही, काकी. सगळी सावली पॅनेलांवर येते.'

'येता मां. दिवाळेपासून येता. संक्रात झाली काय मागे सरता.'

फ्लाव्हिया तिच्याकडे वळली. 'तुला माहीत होतं?'

'माका ठावक नसात तर कोणाक? थंय मी गेली तीस वर्सां केर काढतंय.'

'मग मे महिन्यात का नाही बोललीस? तू इथेच उभी होतीस, पेले घेऊन!' आवाज चढला होता. प्रीतम हेल्मेटची पट्टी तपासायला लागला.

विमलाकाकी रागावली नाही. तिने गडग्यावरचं एक वाळकं पान उचलून टाकलं. 'ह्या प्रीतमान कोणाक इचारल्यान? तुका. तू काय सांगलंस? सावली नाय. मगे परक्या माणसासमोर मी तुका खोटी पाडू? घर तुझा. माका कोणी इचारूक नाय.' आणि मग, फणसाकडे न बघता, 'पाड गो. झाड तुझा, जागा तुझी. दोन म्हयन्यांच्या सावलेक एक झाड. तुका परवडता तर पाड.'

फ्लाव्हियाच्या जिभेवर उत्तर होतं. नेहमीप्रमाणे तयार, धार लावलेलं. एकतीस वर्षं ज्या उत्तरांवर ती जगली त्यांतलंच एक. ते तिने गिळलं. कुणाला काही विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असं आई म्हणायची. गावाहून बोरिवलीला आलेल्या माणसाला ते म्हणावंच लागत असेल. आई रस्ताही विचारायची नाही, चुकायची आणि ताठ मानेने चुकलेल्या रस्त्याने चालत राहायची, आणि तिच्या मागून दोन मुलं. फ्लाव्हियाला ते रस्ते आठवले, आईच्या टाचांचा तो आवाज आठवला, आणि हसू आलं.

'काकी,' ती म्हणाली, 'डिसेंबरात इथे ऊन कुठे असतं?'

'ह्या आता इचारलंस,' विमलाकाकी म्हणाली आणि विळा गडग्यावर ठेवला.

तो शनिवार होता, सुट्टीचा. अख्खा दिवस फ्लाव्हिया विमलाकाकीच्या मागून आपल्याच आवारात फिरली. सकाळी साडेसातला ऊन विहिरीच्या काठावर येतं. तिथे काकी तांब्याची कळशी पालथी घालते. नऊला ते खळ्याच्या वायव्य कोपऱ्यात जातं, तिथे ती पाय पसरून डोकं विंचरते. ते बघून फ्लाव्हियाला वाटलं, आपल्या खळ्यात रोज सकाळी एक बाई केस विंचरते आणि आपल्याला आयुष्यभर पत्ता नाही. दहापासून दोनपर्यंत घराची दक्षिण बाजू फणसाची. तीनला पायरीवर अर्धा तास. मग माडांची ओळ ते गिळते. काकी घड्याळ बघत नव्हती. नुसती जाऊन उभी राहायची आणि म्हणायची 'हय', आणि पाच मिनिटांत ऊन तिथे यायचं, बोलावल्यासारखं. कुळीथ कुठे सुकवायचे, उशा कुठे टाकायच्या, कुठल्या भिंतीला पाठ लावली की सांध्यांना बरं वाटतं. हे घर फ्लाव्हियाचं होतं, सातबाऱ्यावर लिओनच्या नावाशेजारी तिचं नाव होतं, आणि ती त्यात पाहुणीसारखी मागून मागून चालत होती. आश्चर्य म्हणजे तिला वाईट वाटत नव्हतं. उलट अंग हलकं झालं होतं, खूप दिवसांनी कुणीतरी हातातली पिशवी घेतल्यासारखं.

शेवटी काकी तिला गडगा ओलांडून आपल्या गोठ्यापाशी घेऊन गेली. गोठ्याला पत्रे होते, दक्षिणेला नुसतं कापलेलं शेत. 'हय उजाडल्यापासून पाच वाजेपर्यंत सावली नाय.'

'आणि मे महिन्यात?' फ्लाव्हियाने विचारलं. ती शिकत होती.

'बारा म्हयने नाय. दुपारची गुरां होरपळत, म्हणान विकलंय मी ती.' काकी पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. 'घाल हय तुझी ती आरशी. गोठ्यात एक दिवो दी म्हणजे झाला. थंय जनावर निघता संध्याकाळचा.'

जनावर म्हणजे साप, हे फ्लाव्हियाला माहीत होतं. एका दिव्यावर सौदा झाला. प्रीतमने चार दिवसांत पॅनेलं उतरवून गोठ्यावर चढवली, गडग्यावरून वायर परत घरात आणली, आणि जाताना फणसाच्या बुंध्यावर थाप मारून गेला. एकोणीस डिसेंबरला दुरुस्तीसाठी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत गावाची वीज बंद होती. फ्लाव्हियाने त्या दिवशी सात जहाजांचे कागद पाठवले आणि मधल्या वेळात पंखा वाढवायचं विसरली. संध्याकाळी तिने लिओनला लिहिलं, 'सही करू नकोस.' त्याने नुसता अंगठा पाठवला. हा अंगठा होकाराचा की 'करून मोकळा झालो'चा, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, पण लिओनला ती पाळण्यापासून ओळखत होती. तो होकाराचाच होता.

चोवीस तारखेला शेवटचे कागद पाच पन्नासला गेले. सहा वाजता अनुजा पडद्यावर आली. तिच्या मागे ऑफिसातलं छोटं कागदी झाड होतं आणि कुणीतरी केकचा डबा घेऊन जात होतं. फ्लाव्हियाला जुन्या नाताळांची एकदम आठवण झाली: आई चर्चच्या गायनात, पप्पा कुठल्याशा समुद्रावर, आपण आणि लिओन बोरिवलीच्या गॅलरीत कंदील लटकवतोय. गावच्या घराची आठवण त्या दिवशी कुणालाच यायची नाही. ते बंद असायचं. बंद घराला काय नाताळ? यंदा तीही इथे एकटी, दोन तासांनी मालवणच्या चर्चला जाणार होती. त्याआधी कपडे बदलायचे होते. पडवीच्या खिडकीबाहेर उजेड गाजराच्या रंगाचा झाला होता. अनुजा म्हणाली, 'मॅम, वरून तुमच्याबद्दल विचारणा आलीय. मला आज उत्तर द्यायचंय. दोनदा लाइन गेली हे मी लपवू शकत नाही, पण मी जे लिहिलंय ते आधी तुम्हाला वाचून दाखवते. नीट ऐका.' तिने कागद उचलला, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. 'मॅम, तुमच्या मागे कोण आहे?'

फ्लाव्हियाने वळून पाहिलं. खिडकीतून खळ्यातला खुरीस, म्हणजे क्रूस, दिसत होता, पप्पांनी घर बांधलं तेव्हाच बांधलेला, पांढरा, कमरेएवढ्या चौथऱ्यावर. त्याच्यापाशी विमलाकाकी उभी होती. पदर डोक्यावर, अंगावर धुवट लुगडं. तिने कनवटीची काडेपेटी काढली. एक काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. ती घाईत नव्हती. ती पडवीकडे बघतही नव्हती. दरवर्षीचं काम करायला आलेलं माणूस जसं असतं, तशी ती होती.

दरवर्षीचं. हा शब्द फ्लाव्हियाच्या मनात आला आणि ती खुर्ची फिरवून पडद्याकडे वळली.

'अनुजा,' ती म्हणाली, 'माझी लाइन आता जाईल. बॅटरी भरलेली आहे, वीज आहे, सगळं आहे. मीच बंद करतेय. तिसरी मोजायची तर मोज.' आणि तिने लॅपटॉप मिटला. एकतीस वर्षांत तिने कुणाचं वाक्य असं अर्धवट तोडलं नव्हतं. म्हणजे तोडलं होतं खूपदा, पण उठून गेली नव्हती.

पायरी गार होती. ती अनवाणीच खळ्यात उतरली. काकीने चाहूल ऐकून मान वळवली आणि जरा ओशाळली. 'तू कामात हुतंस, म्हणान हाक मारूक नाय.'

'कधीपासून लावतेस?'

'तुझ्या पप्पान सांगलेल्यान. फणसाक पयले फणस लागले, त्या वर्सा. जाताना म्हणालो, यंदा नाताळाक आमी कोण नाय, तू हय एक मेणबत्ती लाय गो विमला. लायली.' तिने तिसरी काडी हातात धरली, ओढली नाही. 'फुडल्या वर्साक पण कोण नाय इला. त्याच्या फुडल्या पण नाय. कोणच येयना, मगे मी लायत रवलंय.'

फ्लाव्हियाने मनात वर्षं मोजली. तीसेक वर्षं. पप्पांनी एका वर्षासाठी सांगितलेलं, आणि घरी येऊन सांगायचं विसरलेलं. बोरिवलीच्या गॅलरीत ते कंदील लावत होते तेव्हा, तेव्हासुद्धा, या बंद घरासमोर ही बाई काड्या ओढत होती. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

विमलाकाकीने मेणबत्ती तिच्यापुढे केली. 'घे. आता तू इलंस. तू लाय.'

तिच्या हक्काचंच होतं ते. हात पुढे झालासुद्धा होता. तिने तो मागे घेतला. 'नको,' ती म्हणाली, आणि पहिल्या काही सुट्ट्यांत इथल्या पोरांशी बोलायची ती भाषा, इतक्या वर्षांत ऑफिसाने पार झिजवलेली, अडखळत तिच्या तोंडात आली. 'तूच लाय, काकी. मी काय करू तां सांग.'

काकीने एकदा तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग समुद्राच्या बाजूला पाहिलं. 'दर्याकडसून वारो येता. दरवर्सा दोन काडये फुकट जातत.' तिने दोन बोटांनी जमिनीवर एक जागा दाखवली. 'हयसर उबी रव. माझ्या उजव्या हाताक. हां, जरा फुडे. आता हालू नको.'

फ्लाव्हिया तिथे उभी राहिली.